लिफाफा कोणाचा, मजकूर कोणाचा?

तिकिटे जमवणारा माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. घरातली मंडळी 'बसले पुन्हा चिमटा आणि भिंग घेऊन' असे म्हणून हसतात आणि सोडून देतात. दारू नाही, जुगार नाही, कुणाची निंदानालस्ती नाही. मग या बिचाऱ्या छंदाला योग्य-अयोग्याचा प्रश्न कशासाठी लावायचा, असे वाचक विचारतील. छंदाला आमची हरकत नाही. प्रश्न उभा राहतो तो लिलावाच्या दालनात, आणि तिथेही ज्या लिफाफ्यावर ते तिकीट चिकटवलेले असते त्या लिफाफ्यापाशी.

आधी तिकिटाचे पाहू. 'लिलाव' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. उर्दूतला 'नीलाम' त्याचाच भाऊ. बाजारात गव्हाची किंमत त्याने किती पोटे भरतील यावर ठरते. दुर्मिळ वस्तूच्या लिलावात ती दुसऱ्या किती जणांकडे नाही यावर ठरते. ब्रिटिश गयाना या वसाहतीत १८५६ साली इंग्लंडहून येणारी तिकिटे वेळेवर पोहोचली नाहीत, म्हणून तिथल्या पोस्टमास्तरने गावातल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात काही तिकिटे छापून घेतली. त्यातले किरमिजी कागदावरचे एक सेंटचे तिकीट आज जगात एकच उरले आहे असे मानतात. १८७३ साली ते बारा वर्षांच्या एका मुलाला घरातल्या जुन्या कागदांत सापडले आणि त्याने ते सहा शिलिंगांना विकून टाकले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ९५ लाख डॉलर आले. २०२१ साली पुन्हा विकले गेले तेव्हा सुमारे ८३ लाख. मधली अनेक वर्षे त्याचा मालक जॉन ड्यूपाँट हा अमेरिकेतला गर्भश्रीमंत माणूस होता. तो खुनाची शिक्षा भोगत २०१० साली तुरुंगातच मेला. मालक तुरुंगात आणि तिकीट बँकेच्या तिजोरीत, असा तो मामला होता.

याच तिकिटाचा आणखी एक मालक, १९२२ साली पॅरिसच्या लिलावात ते घेणारा आर्थर हाइंड. त्याच्याविषयी अशी कथा सांगतात की कुणीतरी त्याच्याकडे या तिकिटाची दुसरी प्रत घेऊन आला. हाइंडने मोठी रक्कम मोजून ती विकत घेतली आणि तिथल्या तिथे जाळून टाकली. कथेला पुरावा नाही. पण इतकी वर्षे ती तोंडोतोंडी टिकली आहे, याचा अर्थ या क्षेत्रातल्या लोकांना ती खरी वाटण्याजोगी वाटते.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली गांधीजींची तिकिटे. त्यातल्या दहा रुपयांच्या शंभर तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी 'सर्व्हिस' अशी अक्षरे छापली होती. त्यातली चार तिकिटांची एक पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. या तिकिटांवर 'बापू' हा शब्द देवनागरीत आहे आणि उर्दू लिपीतही आहे. वर्गात मुलांना दाखवायला आमच्याकडे याच मालिकेतले दीड आण्याचे साधे तिकीट आहे. त्याच्यावरही दोन्ही लिप्या आहेत आणि त्याने आमचे काम भागते. भोपाळच्या बेगमांच्या काळातली तिकिटे तर आम्हा शिक्षकांना विचारात पाडणारी. एकेक तिकीट हाताने वेगळे कोरलेले, त्यामुळे इंग्रजी अक्षरांत 'बेगम' आणि 'नवाब' या शब्दांची नाना प्रकारची वाट लागली आहे. आम्ही स्पेलिंगच्या चुकीला अर्धा गुण कापतो, लिलावात तीच चूक शोधत माणसे येतात.

इथपर्यंत हा हौसेचा मामला झाला. फार तर उधळपट्टीबद्दल दोन शब्द बोलता येतील, ते बोलायला मौलवीसाहेब समर्थ आहेत.

पूर्वीचे संग्राहक लिफाफ्यावरून तिकीट कापून घेत, पाण्यात भिजवून सोडवत आणि लिफाफा फेकून देत. पुढे जाणकारांच्या ध्यानात आले की तिकीट ही तर नुसती पावती आहे, खरी हकीकत लिफाफ्यावर असते. कुठून निघाला, कोणत्या वाटेने गेला, किती दिवस लागले, कुणी अडवला, बैरंग झाला की काय, हे सगळे शिक्क्यांवरून वाचता येते. याला इंग्रजीत 'पोस्टल हिस्टरी' म्हणतात, आपण टपालाचा इतिहास म्हणू. अभ्यास म्हणून तो फार मोलाचा आहे. टपालाचे दर पाहावेत तर १८५४ साली पाव तोळ्याच्या पत्राला देशात कुठेही अर्धा आणा असा एकच दर झाला, तेव्हा परगावी राबणाऱ्या गरिबाच्या घराशी त्याचा धागा पहिल्यांदा परवडेल अशा पैशात जोडला गेला. हे सगळे लिफाफ्यांवरून शिकता येते.

पण लिलावात या लिफाफ्यांचे मोल कसे ठरते ते पाहा. जे पत्र वेळेवर, सुखरूप, ज्याचे त्याला मिळाले त्याला फारशी किंमत नाही. ते कुठे अडकले, जळले, भिजले, उघडले गेले, परत फिरले तर किंमत चढते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान आल्प्स पर्वतातल्या माँ ब्लांवर आदळले. ४८ माणसे गेली. प्रवाशांत विलायतेत बोटीवर रुजू होण्यासाठी निघालेले हिंदी खलाशी होते. बर्फातून टपालाच्या काही पिशव्या मिळाल्या, अपघातामुळे उशीर झाल्याचा फ्रेंच शिक्का मारून ती पत्रे पुढे पाठवली गेली. आज संग्राहकांना ते लिफाफे हवे असतात. पाण्याचा डाग आणि अपघाताचा शिक्का दोन्ही स्पष्ट असतील तर अधिक हवे असतात. संग्राहक काही अपघात व्हावेत म्हणून दुवा मागत नाही, हे आम्हाला कळते. तरीही ज्या माणसांवर ते संकट कोसळले त्यांचा त्या किमतीत काही हिस्सा आहे का, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

यापेक्षा अवघड उदाहरण पहिल्या महायुद्धाचे आहे. १९१४ साली हिंदी फौज फ्रान्सच्या आघाडीवर उतरली. शिपाई घरी पत्रे लिहीत, ज्यांना लिहिता येत नसे ते सोबतच्या लिहिणाऱ्याकडून लिहवून घेत. पुष्कळशी पत्रे उर्दूत असत, गुरुमुखीत असत, काही मराठीतही. सरकारला धास्ती, म्हणून या पत्रांसाठी वेगळी सेन्सॉर कचेरी बसवली, कॅप्टन हॉवेल नावाचा अधिकारी तिच्यावर नेमला. ही मंडळी पत्रे वाचत, निवडक उतारे इंग्रजीत उतरवत आणि त्यांचे अहवाल वर पाठवत. आपली पत्रे कुणीतरी वाचतो हे शिपायांना ठाऊक होते. म्हणून हिंदी पलटणींना 'काळी मिरी' आणि गोऱ्यांना 'लाल मिरी' म्हणून कुणी मिरीचा साठा संपत आल्याची खबर घरी देई. सेन्सॉरला तेही कळत होते.

मूळ पत्रे खेड्यापाड्यांत गेली आणि बहुतेक नाहीशी झाली. सेन्सॉरने काढलेले इंग्रजी उतारे मात्र सरकारी दप्तरात राहिले, ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यातून निवड करून १९९९ साली पुस्तक काढले. म्हणजे ज्याला ती पत्रे वाचण्याचा काडीचा हक नव्हता, त्याच्याच हातून ती वाचली. 'वाचली' या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे लागू पडतात. दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून पाऊल टाकू नये, कुणाच्या खाजगीत डोकावू नये, हे आपल्याला मकतबापासून शिकवलेले असते, आणि बंद पाकीट हे एक प्रकारचे घरच आहे. तरी ते उतारे नष्ट व्हायला हवे होते असे म्हणायला आमची जीभ वळत नाही. त्या शिपायांपैकी कितीतरी परत आलेच नाहीत, त्यांचा आवाज तेवढ्याच कागदांत आहे.

त्याच आघाडीवरून आलेले लिफाफे लिलावातही येतात. यादीत फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असतो, सेन्सॉरच्या शिक्क्याचा प्रकार असतो, कडा दुमडल्या आहेत का याचा तपशील असतो. आतले पत्र शाबूत असेल तर शेवटी चार शब्द, की आत देशी भाषेतला मजकूर आहे. कोणती देशी भाषा, तेही पुष्कळदा नाही. बोली लागते हजारांत, आणि आतली बोली दालनात कुणालाच येत नाही.

आता हा मजकूर कोणाचा? कायद्याने एक गोष्ट फार पूर्वी वेगळी करून ठेवली आहे. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीची खाजगी पत्रे कर्ल नावाच्या पुस्तकविक्रेत्याने परस्पर छापली. १७४१ साली न्यायालयाने निवाडा दिला की पत्र मिळालेल्या माणसाची मालकी कागदावर असते, त्यातले शब्द लिहिणाऱ्याचेच राहतात. आमच्या मते हा निवाडा उर्दू-मराठीतल्या एकाच शब्दात मावतो : अमानत. कागद तुला दिला, बात तुझ्याकडे ठेवायला दिली.

मग आपण ग़ालिबची पत्रे कशी वाचतो? त्यांनी तर १८५८ साली पत्रे छापण्याला साफ नकार दिला होता. पुढे मन वळले, आणि १८६८ साली, मृत्यूच्या थोडे आधी, पहिला संग्रह आला. नकारही त्यांचा, होकारही त्यांचा. सफ़िया अख़्तर भोपाळला शिकवत असताना मुंबईला पतीला, जाँ निसार अख़्तर यांना, पत्रे लिहीत. १९५३ साली त्या गेल्या, आणि त्यानंतर पतीने ती पत्रे छापली. आज 'ज़ेर-ए-लब' उर्दूतल्या उत्तम गद्यात गणले जाते. इथे होकार नवऱ्याचा आहे, लिहिणारीचा आपण गृहीत धरला आहे. आम्ही ते पुस्तक बी.एड. करताना दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा काही पानांवर, आपण आत यायला नको होते असे वाटले. आणि मौलाना आझादांचे 'ग़ुबार-ए-ख़ातिर'? अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) किल्ल्यात १९४२ नंतरच्या कैदेत लिहिलेली ती पत्रे टपालात पडलीच नाहीत. ना तिकीट, ना शिक्का. टपालाच्या इतिहासात त्यांना जागा नाही, आणि उर्दूत एवढी वाचली गेलेली पत्रे थोडीच असतील.

हे सगळे नामवंतांचे झाले. ज्याला कुणी विचारत नाही त्याच्या पत्राचे काय?

आम्ही मूळचे सोलापूरचे, नोकरीने कोकणात. खाडीकाठच्या एका गावात उर्दू शाळेवर आहोत. तालुक्याच्या गावी बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब राहतात, तीस-पस्तीस वर्षांपासून टपालाचे लिफाफे जमवतात. स्वभावाने सज्जन, कुणाला फसवणार नाहीत. त्यांना उर्दू येत नाही. गेली चार वर्षे ते महिना-दोन महिन्यांनी आमच्याकडे येतात आणि लिफाफ्यांवरचे उर्दू पत्ते आम्ही त्यांना वाचून देतो. जुन्या लोकांचे शिकस्ता अक्षर, नुक्ते गायब. कधी एका गावाच्या नावाला अर्धा तास लागतो. चहा होतो, गप्पा होतात.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी एक लिफाफा आणला. मुंबईतल्या लिलावात चार आकडी रक्कम मोजून घेतलेला. सन १९५९, नव्या पैशांची भारताच्या नकाशाची तिकिटे. पुढच्या बाजूला कुणाकडून तरी इंग्रजीत लिहवून घेतलेला पत्ता : खलाशाचे नाव, बोटीचे नाव, मार्फत कंपनीची कचेरी, लिव्हरपूल. तिथून ग्लासगो, तिथून पोर्ट सैद, तिथून कोलंबो. प्रत्येक बंदरात पत्र पोहोचले तेव्हा बोट निघून गेली होती. शेवटी जिथून निघाले तिथे परत. एकूण सात शिक्के. 'सर, असा पीस दहा वर्षांत एखादा बघायला मिळतो,' साहेब म्हणाले. त्यांना मागच्या बाजूचा उर्दू पत्ता हवा होता, अल्बमच्या पानावर टिपण लिहायला. आम्ही वाचला. पाठवणारी बाई, आणि गाव आमच्या शाळेपासून अकरा किलोमीटर. त्या गावची सहा मुले आमच्या वर्गात आहेत.

आणि लिफाफा बंद होता. चिकटवलेला, कुणी कधी न फोडलेला.

साहेबांनी विचारले, 'उघडू या का? तुम्ही वाचून दाखवाल? तसे उघडल्याने किंमत कमी होते, पण उत्सुकता आहे.'

आम्हाला 'गॅलाटे' या फ्रेंच जहाजाची आठवण झाली. १७५८ साली इंग्रजांनी ते पकडले. खलाशांना घरच्यांनी लिहिलेली पत्रे फ्रेंच टपालखाते बंदरामागून बंदर पाठवत होते आणि दर वेळी जहाज पुढे गेलेले असे, अगदी याच लिफाफ्यासारखे. शेवटी ती शंभरावर पत्रे इंग्रज आरमाराच्या हाती पडली आणि न फोडता दप्तरात गेली. केंब्रिजचे इतिहासकार रेनो मोरियू यांनी ती उघडली, २०२३ साली त्यावर लेख आला. त्यात एकसष्ट वर्षांची एक आई मुलावर रुसली आहे, की तू तुझ्या वाग्दत्त वधूला लिहितोस आणि मला लिहीत नाहीस. मारी द्यूबोस्क नावाच्या बाईने नवऱ्याला प्रेमाने लिहिले आहे. तिला नवरा कुठे आहे हे माहीत नव्हते, आणि तो सुटून येण्याआधीच बहुधा ती वारली. हे वाचताना आमचे डोळे भरून आले होते, मग आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार की बंद पत्र उघडणे वाईट?

नेदरलँड्समधल्या हेग शहराची आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या सतराव्या शतकातल्या एका पोस्टमास्तरने पोहोचवता न आलेली पत्रे पेटीत साठवून ठेवली होती. त्या काळी पैसे घेणाऱ्याने द्यायचे असत, तेव्हा कधीतरी कुणी येऊन पैसे देईल अशी त्याला आशा. ती पेटी १९२६ साली तिथल्या टपालाच्या संग्रहालयाकडे आली. सुमारे २,६०० पत्रे, त्यातली सहाशेच्या आसपास बंद. २०२१ साली संशोधकांनी त्यातले १६९७ सालचे एक पत्र क्ष-किरणांनी, घडी न मोडता वाचून दाखवले. युक्ती मोठी आहे, आणि त्यामुळे कागद शाबूत राहिला. मजकूर वाचायचा की नाही, हा निर्णय यंत्राला घ्यावा लागत नाही.

आम्ही साहेबांना नाही म्हटले. तेव्हा सुचली ती कारणे त्यांना सांगितली, पुढे विचार करून आणखी नीट झाली ती अशी. गॅलाटेची पत्रे उघडली ती सर्वांसाठी. दप्तर सरकारी आहे, जाऊन मागणाऱ्याला पाहता येते, आणि त्या खलाशांच्या बायकांना ओळखणारे कुणी आज हयात नाही. इथे बाई अकरा किलोमीटरवरची आहे. तिचे पत्र तिच्याकडे परत आले होते, म्हणजे पोपच्या निवाड्याप्रमाणे कागदही तिचा आणि शब्दही तिचे. तिला ते उघडता आले असते, चुलीत घालता आले असते. तिने दोन्ही केले नाही, ठेवून दिले. का ठेवले ते ती जाणे. तो निर्णय कुणी तिसऱ्याने, एका संध्याकाळी चहा घेता घेता, उत्सुकतेपोटी फिरवावा हे आम्हाला पटत नाही.

मृतांना कसली आली खाजगी गोष्ट, असे म्हणणारे विद्वान आहेत. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. आपण कबरीवरून पाय ओलांडत नाही ते काही आतल्या माणसाला दुखेल म्हणून नव्हे.

साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, 'सर, हा लिफाफा माझ्याकडे कसा आला ते तुम्हाला माहीत आहे. घर पाडताना पेटीतले कागद त्यांच्याच माणसांनी रद्दीत घातले, किलोवर. रद्दीवाल्याने वेगळे काढून दलालाला दिले, दलालाने लिलावात. मध्ये मी नसतो तर या बाईच्या पत्राचा लगदा होऊन त्याचा पुठ्ठा झाला असता. आता तुम्ही म्हणाल, घरच्यांना परत द्या. देतो. मग पुढचा लिफाफा मी घेणार नाही, दलाल उचलणार नाही, आणि सगळेच लगद्यात जाईल. ते चालेल का?'

या प्रश्नाला आमच्याकडे सोपे उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी आपल्या घराच्या माळ्यावर एकदा चढून यावे. कोकणातल्या आमच्या घराघरांत पत्रांच्या पेट्या होत्या. आधी बोटीवरच्या माणसांची पत्रे, मग आखाताची, काही केपटाऊनची. लिहिणारे उर्दूत लिहीत, बोलत कोकणी. नातवंडे मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत गेली, त्यांना आजीचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. जे वाचता येत नाही ते घाण वाटू लागते, आणि घाण वाटले की ते रद्दीत जाते. लिलावाच्या यादीत 'देशी भाषेतला मजकूर' असे लिहिणाऱ्यावर आम्ही रागावतो. पेटी रिकामी करणाऱ्या आमच्या माणसांना तेवढेही लिहिता आले नसते.

तेव्हा संग्राहकाला चोर म्हणणे अन्यायाचे आहे. त्याने मोल देऊन कागद घेतला, कागद त्याचा. पण कागदाच्या मालकीबरोबर काही बंधने येतात असे आम्हाला वाटते आणि ती आम्ही साहेबांपाशी हट्टाने मांडली. एका घरची पंचवीस पत्रे एकत्र मिळाली तर पंचवीस लॉट पाडून पंचवीस शहरांत विखरू नयेत. बाजारात त्याने पैसा जास्त येतो, पण नवरा-बायकोचा सवाल-जवाब कायमचा तुटतो, सवाल नागपुरात आणि जवाब लंडनला. जिच्या मुली-सुना हयात आहेत त्या बाईचा मजकूर त्यांना विचारल्याशिवाय वाचू नये, छापू नये. आणि उर्दू जाणणाऱ्या आमच्यासारख्यांनी नुसते पत्ते वाचून मोकळे होऊ नये. ज्यांचे पत्र आहे ते शोधून काढण्याइतकी पायपीट आमच्यावर लागू आहे. हे शेवटचे साहेबांनी लगेच उचलून धरले. त्यांना काही तोशीस पडणार नव्हती.

पायपीट आम्ही केली. त्या गावात ते घर राहिलेले नाही, तिथे दुमजली बंगला आहे आणि त्याला कुलूप. शेजाऱ्यांनी नंबर दिला. बाईचा नातू कुवेतला आहे, फोनवर फार अदबीने बोलला. आम्ही सगळी हकीकत सांगितली, लिफाफा बंद असल्याचेही. तो म्हणाला, 'सर, मला उर्दू वाचता येत नाही. तुम्हीच उघडून वाचा आणि व्हॉइस मेसेज टाका ना.'

वारसाने परवानगी दिली. कायद्याला एवढे पुरे झाले असते. आम्हाला मात्र ती परवानगी फार स्वस्त वाटली, इतकी की घ्यावीशी वाटेना. ज्याने पेटी रद्दीत जाऊ दिली त्यानेच होकार द्यायचा, आणि तोही घाईत, म्हणजे रद्दीचा व्यवहार पुन्हा एकदा करण्यासारखे होते. आम्ही विचारले, आजीच्या मुलांपैकी कुणी आहे का? तेव्हा तो म्हणाला, हो, फुफी आहे, मुंब्र्याला असते.

फुफीचे वय सत्तरीच्या आसपास. पहिल्या फोनवर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग विचारले की शाई कोणत्या रंगाची आहे. आम्ही म्हटले, बाहेरून तरी निळी. त्यांचे अब्बा पुढे दोन वर्षांनी परत आले होते, खेडला दुकान टाकले होते, असे त्यांनी सांगितले. म्हणजे पत्र लिहिणारी आणि ज्याला लिहिले तो, दोघे त्यानंतर एका घरात कितीतरी वर्षे राहिले आणि पत्र पेटीत तसेच होते. बाईने त्याला ते का दिले नाही? की दिले, आणि त्यानेही फोडले नाही? फुफींना ठाऊक नाही. आठवडाभराने त्यांनी स्वतःहून फोन केला. उघडायचे की नाही ते मी अजून ठरवलेले नाही, पण आधी ते एकदा माझ्या हातात द्या, असे त्या म्हणाल्या.

साहेब कबूल झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघे मुंब्र्याला जाणार आहोत. साहेबांनी लिफाफ्यासाठी नवे प्लास्टिकचे पाकीट आणून ठेवले आहे, कडक, दोन्ही बाजूंनी पारदर्शक. फुफी लिफाफा त्यातून बाहेर काढतील का, आणि काढला तर हात कोरडे असतील का, याची काळजी ते दर भेटीत आमच्याजवळ बोलून दाखवतात.